मॅक्रोमध्ये स्टॅबिलायझेशन खरंच वाया जातं का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचं वाचल्यावर आधी एकदा कॅमेरा घेऊन बसावं आणि मगच लिहावं असं वाटलं, आणि इंदूरात पाऊस काही उघडीप देईना.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हातात धरून मॅक्रो (किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो) काढताना स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा, काडीचा उपयोग नाही, तो कंपन्यांचा विकायचा मुद्दा आहे, तुम्ही तीस वर्षं साध्या लेन्सवर फ्लॅश लावून काम केलंय, आणि माझा स्टॅबिलायझेशनवरचा लेख वाचून तुमचा पुतण्या उगाच महागडी लेन्स घ्यायला निघालाय.

आधी माझी चूक सांगते. मी "चार स्टॉपचा फायदा मिळतो" (एक स्टॉप म्हणजे उजेड किंवा शटरचा वेळ दुप्पट-निम्मा होणं) असं सरळ लिहून टाकलं होतं, ते मॅक्रोच्या बाबतीत बरोबर नाही आणि लेखात मी ते आजच बदललंय. माझ्याकडे कॅननची १०० एमएमची एल मॅक्रो आहे, २००९ साली आलेली, तिच्यासाठी कंपनी स्वतःच सांगते की लांबच्या विषयाला चार स्टॉप, अर्ध्या आकाराला तीन आणि एकास एकला, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूएवढीच असते तेव्हा, फक्त दोन. निकॉननेही २००६ मध्ये १०५ एमएमची व्हीआरवाली (स्टॅबिलायझेशनचं निकॉनचं नाव) मॅक्रो आणली तेव्हा जवळ जाल तसा परिणाम कमी होत जातो हे सांगितलंच होतं. तर ही गोष्ट कंपन्यांनी लपवलेली नाही, मीच नीट लिहिली नव्हती.

पण कमी होतो म्हणजे शून्य होतो असं नाही काका, आणि कमी का होतो ते कळलं की कुठे वापरायचं तेही कळतं. हात हलतो तो दोन प्रकारे. एक म्हणजे कॅमेरा जागच्या जागी वरखाली किंवा डावीउजवीकडे झुकतो, आणि दुसरं म्हणजे अख्खा कॅमेराच बाजूला सरकतो. माणसाचा फोटो काढताना हे सरकणं मोजायचीही गरज नसते, कारण प्रतिमा खऱ्या माणसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी असेल तर हात ०.१ मिमी सरकला तरी सेन्सरवर ते ०.००२ मिमीच पडतं. एकास एकला मात्र तेच ०.१ मिमी जसंच्या तसं पडतं, म्हणजे माझ्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर साधारण २५ पिक्सेल, फोटो गेलाच. आणि जुन्या स्टॅबिलायझेशनमधला जायरो फक्त झुकणं ओळखायचा, सरकणं त्याला कळतच नव्हतं. तुमचा अनुभव तसल्या जुन्या लेन्सवरचा असेल तर तो शंभर टक्के खरा आहे. २००९ च्या या लेन्समध्ये जायरोच्या जोडीला अॅक्सेलरोमीटर घातला, त्याला सरकणं कळतं, म्हणून निदान दोन स्टॉप तरी हाती लागतात.

आता परवाचं सांगते. दुपारी पाऊस थांबला तसं घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर मृगाचे किडे निघाले होते, ते लाल मखमली, इकडे ज्यांना बीरबहूटी म्हणतात ते. आभाळ भरलेलं, लेन्सचं छिद्र एफ ८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १६००, तरी शटर १/६० सेकंदाहून वेगवान होईना (एकास एकला लेन्स दोन स्टॉप उजेड खाते हे तुम्हाला माहीतच आहे). किड्याला गवताची काडी लावली की तो पाय आत घेऊन काही वेळ गप्प बसतो, तेवढ्यात स्टॅबिलायझेशनचा स्विच बंद ठेवून वीस फ्रेम आणि चालू करून वीस फ्रेम काढल्या. बंदवाल्यांत ठेवण्यासारखी एकच निघाली, चालूवाल्यांत सात. एका दुपारचं हे माझं एकटीचं निरीक्षण, त्याला पुरावा म्हणून मी मिरवणार नाही, पण घरी येऊन खराब फ्रेम मोठ्या करून पाहिल्या तेव्हा जे दिसलं ते मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बंद असतानाच्या फ्रेममध्ये सगळंच फरफटलेलं, केस दुहेरी, माती दुहेरी. चालू असतानाच्या खराब फ्रेममध्ये मात्र काहीतरी एक कुठेतरी लख्ख होतं, मातीचा कण, मागचा पाय, फक्त मला हवे होते ते डोळे सोडून. म्हणजे ते हात हलल्यामुळे गेले नव्हते, मी पुढेमागे झुलल्यामुळे गेले होते.

आणि हे पुढेमागे झुलणं कुठलंच स्टॅबिलायझेशन दुरुस्त करत नाही, लेन्समधलं नाही, कॅमेऱ्याच्या बॉडीतलं पाच अक्षांचंही नाही, त्या पाचांत पुढेमागे हा अक्षच नाही. माझ्या सेन्सरला एकास एक, एफ ८ वर जेमतेम ०.६ मिमी एवढाच पट्टा शार्प मिळतो, श्वास घेतला तरी माणूस त्याहून जास्त हलतो. उलट इथे एक धोकाच आहे जो मी मूळ लेखात लिहायला हवा होता. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र इतकं शांत दिसतं की आपणही स्थिर आहोत असं वाटायला लागतं, आणि आपण झुलतच असतो. त्याला उपाय जुनेच, गुडघा टेकवा, कोपर गुडघ्यावर ठेवा, डाव्या हातात काडी धरून त्याच हातावर लेन्स टेकवा, ऑटोफोकस बंद करून हळूच पुढे झुका आणि चारपाच फ्रेम सलग मारा. वाऱ्याने फूल हललं तर तिथेही स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही.

तरी ते शांत दिसणं मला सोडवत नाही. फ्रेम जेमतेम २२ मिमी रुंद असते, त्यात टाचणीचं (चतुरासारखा बारीक कीटक) डोकं शोधताना सगळं थरथरत असलं की डोळ्याला ताण येतो आणि रचना करायला सवडच मिळत नाही. अर्धं बटण दाबून सेकंदभर थांबलं की चित्र ठरतं, मग मागची पात कुठे येतेय हे बघता येतं. हा फायदा कुठल्याच स्टॉपमध्ये मोजत नाहीत.

फ्लॅशबद्दल तुमचं बरोबर आहे, कमी पॉवरवर फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणभराचा असतो की हात हलला तरी पत्ता लागत नाही, तिथे आयएस (स्टॅबिलायझेशनचं कॅननचं नाव) असलं काय नसलं काय. पण ऑक्टोबरात इथल्या सिरपूरच्या तलावावर सकाळी सहा-साडेसहाला या काका, टाचण्यांच्या पंखांवर दव असतं आणि मागे पाण्यावर फिकट केशरी उजेड. फ्लॅश मारून एफ ११ ला काढलं तर पंख दिसतील, पण ते मागचं पाणी काळं होईल, आणि मला फोटो त्या पाण्यासाठीच काढायचा असतो. तिथे ते दोन स्टॉप मला हवेच आहेत.

पुतण्याला एवढं विचारा की त्याला काय काढायचंय. रात्री भिंतीवरचे कोळी, मुंग्या, असलं असेल तर त्याच्याकडे आहे ती साधी लेन्स अजिबात विकू नको म्हणावं, आधी फ्लॅश आणि बरा मोठा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) घे. सकाळच्या उजेडातलं काढायचं असेल तर आयएसवाली सेकंडहँड बघायला हरकत नाही, फक्त घेण्याआधी माझी लेन्स एक रविवार घेऊन जाऊ दे, स्विच दोन्हीकडे करून त्याचं त्यालाच बघू दे.