कमी दाबाचा पट्टा

ज्या दिवशी पिल्लू घरी आणलं त्याच दिवशी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. जूनचा पहिला आठवडा, समुद्र खवळलेला, माडांच्या झावळ्या एकाच बाजूला पिंजारलेल्या आणि माझ्या मांडीवर टोपलीत, जुन्या लुंगीत गुंडाळलेलं दीड महिन्याचं गावठी पिल्लू. चिरंजीवांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, तुफान.

समुद्रातलं तुफान दोन दिवसांत विरलं. आमचं मात्र चुलीशेजारच्या गोणपाटावर स्थिरावलं. वेग ताशी शून्य किलोमीटर, दिशा भिंतीकडे.

आमच्या घरात कुत्र्याची जागा दोन वर्षं रिकामी होती. आधीचा मोत्या वाघाने नेला. मालवणात बिबट्यालाच वाघ म्हणतात आणि आपला जसा बांगड्यावर जीव तसा त्याचा कुत्र्यावर. मोत्या गेल्याची बातमी माणसांच्या आधी माकडांना लागली असावी. बावीस कलमांच्या बागेत आंबा पाडाला लागला की लाल तोंडाची केलडी आमच्याआधी हजर. आंबा चावायचा, टाकायचा, दुसरा तोडायचा. तेव्हा या पिल्लाची नेमणूक सरळ राखणदार म्हणून झाली होती. कर्मचारी रुजू झाल्या दिवसापासून रजेवर गेला, एवढंच.

झोपेचं एक वेळ समजून घेतलं असतं. दुपारी जेवून ओटीवर आडवं होण्याची परंपरा आमच्या घराण्यात मीही निष्ठेने चालवतो. पण पिल्लू जेवेचना. पहिल्या दिवशी बायकोने दूधपोळी कुस्करून दिली. त्याने दोनदा जीभ लावली आणि ताटलीकडे पाठ केली. मग पेज झाली. मग तूप घालून मऊभात. मग उकडलेलं अंडं, ग्लुकोजची बिस्किटं, सुकटीचा चुरा. ताजा मासा मिळायची सोय नव्हती, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि बोटी किनाऱ्यावर झापांखाली. पहिल्या तीन दिवसांत त्या पिल्लापुढे जितके पदार्थ आले तितके माझ्यापुढे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही आले नव्हते. हे मी मोठ्याने बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुधाचा तेवढा परिणाम झाला, पण तो दुसऱ्या टोकाने. त्या रात्री पडवी तीन वेळा धुतली.

मग सल्लागार मंडळ जमलं. कोकणात पावसाळ्यात लोकांना कामं कमी आणि मतं जास्त असतात. आईचं निदान तयारच होतं. "नजर लागली हा तेका. पोरगो टोपली घेवन अख्ख्या वाडीत फिरवी होतो, काय होतला?" तिने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आम्हा सगळ्यांना लागला. पिल्लाने एक डोळा उघडला आणि मिटला.

शेजारच्या काकी सुकी मासळी विकतात. त्यांचं म्हणणं, आधी वजन करा, वजन कळल्याशिवाय काय कळतला? त्यांच्या तराजूच्या एका पारड्यात तुफान बसवलं, दुसऱ्यात दोन किलोचं माप. तुफानाचं पारडं किंचित खाली राहिलं. काकींनी मापावर दोन सुके बांगडे टाकले, तेव्हा काटा सरळ झाला. "लिवन ठेव," काकी म्हणाल्या. चिरंजीवांनी वहीत लिहिलं, वजन दोन किलो दोन बांगडे.

पलीकडचे आबा गावऱ्हाटीतले. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते ओल्या पायांनी थेट माजघरात आले, पिल्लापुढे नारळ ठेवला, डोकीवरची टोपी सारखी केली आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराच्या घराक जा कुत्र्याचा पोर इला हा, तेच्या पोटाक भूक नाय, अंगात जोर नाय. कोणाची वाकडी नजर लागली आसात, येताना-जाताना काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घी, आणि ह्या पोराक जेवक लाव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. इतक्या मोठ्याने, की पिल्लू दचकून चुलीच्या मागे गेलं. पाच दिवसांतली त्याची ही सर्वांत वेगवान हालचाल. आबांनी ती गाऱ्हाण्याच्या खात्यात जमा केली आणि नारळ घेऊन गेले.

मुंबईच्या मेहुण्याला व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवलं. तो एका कंपनीत माणसांना कामाला लावायचं काम करतो. त्याने पडद्यावरून दोन मिनिटं तुफानाचं निरीक्षण केलं आणि म्हणाला, "भावजी, याच्यात मोटिव्हेशन नाहीये. त्याला समोर गोल दिसला पाहिजे." मी फोन फिरवून खिडकीबाहेरच्या कलमावर बसलेली केलडी दाखवली. "हा गोल." तुफान तोवर माझ्या पायावर झोपलं होतं. माकडंही पावसाने कंटाळून बसली होती. सगळ्या चित्रात उत्साह म्हणाल तर फक्त मेहुण्याच्या अंगात.

सहाव्या रात्री मात्र चेष्टा संपली. कंदिलाच्या उजेडात (वीज अर्थातच गेलेली) पिल्लू पाय ताणून पडलं होतं. आमच्यापैकी कोणी ना कोणी दर पंधरा मिनिटांनी जाऊन त्याच्या नाकापुढे बोट धरायचं, श्वास चालू आहे ना म्हणून. दोन वाजता मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसलो. ते पोट डमरूसारखं टणक आणि फुगलेलं, फासळ्या मात्र बोटाला मोजता येतील अशा. श्वास मोजले, मिनिटाला चोवीस. चोवीस चांगले की वाईट ते ठाऊक नव्हतं, पण मोजल्यावर जरा बरं वाटलं. बायको म्हणाली, "उद्या तालुक्याला. आता कोणाचं ऐकायचं नाही." यात 'कोणाचं' म्हणजे माझं.

आदल्याच दिवशी फोन केला होता तेव्हा डॉक्टरांनी शौचाचा नमुना आणायला सांगितलं होतं. घरात झाकणाची म्हणावी तशी बाटली सापडेना. ज्या होत्या त्यांत लोणचं, आणि लोणच्यांवर आईचा पहारा. शेवटी काडेपेटी रिकामी केली, नमुना तीत, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी शर्टाच्या खिशात. मी स्कूटरवर पुढे, ही मागे, आणि हिच्या रेनकोटच्या आत तुफान. नाक्यावर पाऊस वाढला म्हणून टपरीच्या आडोशाला थांबलो. तिथे ओळखीतले एक तात्या तोंडात न पेटलेली विडी धरून केविलवाणे उभे होते. माझ्या खिशातून डोकावणारा काडेपेटीचा कोपरा त्यांना दिसला.

"माचिस दी रे वायच."

"ओली आहे तात्या."

"आसू दे, बगतंय पेटता काय ती."

हात खिशापर्यंत आलाच होता. मी तसाच भर पावसात स्कूटर काढली. मागून तात्यांनी माझ्या घराण्याच्या चिकटपणाविषयी जे सांगितलं ते आजही गावात खरं मानलं जातं. त्यात हिच्या रेनकोटचा फुगवटा टपरीवरच्या दोघा बायांनी पाहिला. लग्नाच्या सोळाव्या वर्षी माझं अभिनंदन झालं, ते वेगळंच.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या आणि काडेपेटी बघून हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. "पुढच्या वेळी स्वच्छ बाटली," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "वजन केलंय का?"

"दोन किलो दोन बांगडे," मी वहीत बघून सांगितलं.

त्यांनी पिल्लू काट्यावर ठेवलं. २ किलो १५० ग्रॅम. काकींचा तराजू फारसा चुकीचा नव्हता.

थर्मामीटर कुठून लावतात ते पाहून तुफानाला प्रथमच स्वाभिमान असल्याचं दिसलं. आकडा आला १०१.८. हिने तोंडावर हात घेतला. "बाई गं! एवढा ताप!" डॉक्टर म्हणाल्या, कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. मग मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती पटकन जागेवर बसली, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालेलं नाही. मग ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली. बोट काढल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. झाली, पण तो गुलाबी जरा पाणचटच होता, आमसूल कमी पडलेल्या सोलकढीसारखा.

"उलटी? शौचातून रक्त? पाणी पितंय का?" उलटी नाही, रक्त नाही, पाणी पितंय. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली की पार्व्हो या विषाणूच्या रोगाची शंका येते आणि मग तास मोजावे लागतात, सहा दिवस गाऱ्हाणी घालत बसायचं नसतं, हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. 'गाऱ्हाणी' हा शब्द त्यांनी कुठून उचलला? मी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीवरचा गाई-म्हशींचा तक्ता वाचत होती.

"आता मला सांगा, झोपेत कसं असतं ते नको. जागं असतं तेव्हा कसं असतं?"

आम्ही गप्प. सहा दिवस आम्ही त्या पिल्लाची झोप अशी निरखली होती, की कुठल्या कुशीवर किती वेळ ते सांगितलं असतं. पण जागेपणी?

"जागं असतं तेव्हा आम्ही त्याला भरवत असतो," ही प्रामाणिकपणे म्हणाली.

एवढ्या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, डॉक्टर म्हणाल्या. दहा मिनिटं खेळायचं आणि जिथे असेल तिथे कोसळायचं, त्याचं आयुष्य एवढंच. त्यात आई-भावंडं सुटलेली, घर नवं, वास नवे, आणि दर पंधरा मिनिटांनी नाकाला कोणाचं तरी बोट. "आणलंतही लवकर. दोन महिने तरी आईजवळ राहू द्यायचं होतं." तेव्हा झोपेची काळजी सोडा. पण जागं असताना मलूल, खायला नको, पोट फुगलेलं, हिरड्या फिक्या, हे झोपेच्या खात्यावर घालायचं नाही. त्यांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. गोल, जाड कडांचे दाणे, एकाला एक लागून. जंतांची अंडी. पिल्लाला ते आईच्या पोटातूनच मिळतात, पुढे दुधातूनही येतात. म्हणजे तुफान आमच्याकडे आलं ते एकटं नव्हतंच, सगळं बिऱ्हाड घेऊन आलं होतं. आम्ही जे काय भरवत होतो त्यातला पहिला वाटा बिऱ्हाडाचा.

औषध वजनावर ठरतं, म्हणून काकींचा मुद्दा शेवटी खराच निघाला. एक डोस तिथेच पाजला, पुढचा पंधरा दिवसांनी, आणि तीन महिन्यांचा होईपर्यंत तसंच चालू. अंगात जरा जोर आला की पहिली लस, मग सोळा आठवड्यांचा होईस्तोवर दर तीन-चार आठवड्यांनी, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची. गाईचं दूध बंद, या वयात पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही. आणि जिथून आणलं तिथे ते काय खात होतं ते विचारा, आधी तेच द्या, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. नवं काही द्यायचं तर आठवडाभर हळूहळू मिसळत.

ही साधी गोष्ट, पण विचारायची कोणाला सुचली नव्हती. मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "भात नि माशाचा पाणी. करवंटीत."

करवंटीत! आम्ही देत होतो स्टीलच्या ताटलीत. ती गुळगुळीत फरशीवर नाकाच्या धक्क्याने सरकायची, भिंतीवर आपटून खणकन वाजायची, आणि पिल्लू दोन पावलं मागे. यालाच आम्ही 'अन्नावरची वासना उडाली' म्हणत होतो. आईने माळ्यावरून करवंटी काढली, ती गडगडू नये म्हणून खाली फडक्याची चुंबळ ठेवली, सुक्या बांगड्याचं डोकं बिनमिठाच्या पाण्यात दोनदा उकळून, काटे गाळून, ते पाणी भातावर ओतलं. मग आम्ही सगळे माजघराबाहेर जाऊन दाराच्या फटीतून पाहत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग गोणपाट हललं. मग चपक-चपक असा आवाज आला. आईने डोळ्यांना पदर लावला. मला वाटतं माझ्या दहावीच्या निकालालाही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड बाहेर पडलं. त्याचं वर्णन करत नाही, पण आमच्याकडे त्यानंतर शेवयांची खीर झालेली नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिरंजीवांनी वहीत रकाने आखले. वेळ, काय खाल्लं, किती, जागं असताना कसं. पहिले दोन दिवस शेवटच्या रकान्यात 'बरं' होतं. तिसऱ्या दिवशी 'शेपटी हलली', चौथ्या दिवशी 'आजीचा पदर ओढला', सहाव्या दिवशी 'आबांवर भुंकलं'. आबा म्हणाले, देव पावलो. केलड्यांवर अजून एकदाही भुंकलेलं नाही. ती आली की तुफान पायरीवर बसून त्यांच्याकडे कौतुकाने बघतं.

नवव्या दिवशी सकाळी माझी पावसाळी स्लिपर ओटीवर सापडली. म्हणजे उजवी. डावी शोधताना चिरंजीवांची वही उघडीच दिसली.

'७:१०. बाबांची चप्पल (डावी). अर्धी. जागं असताना: जोरात.'

रबर पोटात गेलं तर आतडं तुंबेल, म्हणून ही फरशीवर बसून तुकडे जुळवायला लागली. तळवा जुळला, टाच जुळली, पट्ट्याचे दोन्ही हात सापडले. अंगठ्याचं बटण मिळेना. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, खातंय-पितंय आणि उलटी नाही तर दिवसभर लक्ष ठेवा, उलटी झाली की लगेच आणा. त्या दिवशी तुफान मजेत हुंदडलं आणि जेवणावरची आमची सगळ्यांची वासना उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून चिरंजीवांची आरोळी आली. मी एका पायात उजवी स्लिपर घालून लंगडत पोचलो तेव्हा तो पावसात उकिडवा बसून, हातात काटकी धरून, वहीत लिहीत होता.

'६:४०. बटण. पूर्ण.'