जलपर्णी काढली म्हणजे नाला साफ झाला?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर शिवारात तोच खेळ. बळ्ळारी नाल्यात जेसीबी उतरतो, जलपर्णी काढून काठावर टाकतो, फोटो निघतात. पहिल्या जोराच्या पावसात काठावरचं सगळं परत नाल्यात! मग पाणी भातात. तेही नुसतं पावसाचं नाही, अख्ख्या शहराचं सांडपाणी. रोप लावायला उतरलं की पायांना खाज सुटते. आणि लोक विचारतात, बेळगावी बासमतीला पूर्वीसारखा वास का येत नाही. वास येतोय की, वेगळा येतोय!

अहो, जलपर्णी काय आभाळातून पडते का? सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन ती माजते. खुराक चालू ठेवायचा आणि दरवर्षी कापणी करायची, असला धंदा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोन-अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत असतो. नदीत आंघोळ करायची तर तो ३ च्या आत हवा. हे अंतर जेसीबी कापणार?

त्यासाठी प्रक्रिया लागते. टाक्यांत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, गाळ वेगळा काढायचा. पंप चोवीस तास चालायला हवेत, वीज गेली तरी. पण अशा प्रक्रिया केंद्राचं उद्घाटन एकदाच होतं ना, सफाईचं दरवर्षी!

हाच नाला पुढे मार्कंडेय नदीत, मार्कंडेय घटप्रभेत, घटप्रभा कृष्णेत. खालची गावं तेच पाणी उपसतात. निदान काढलेली जलपर्णी तरी यंदा ट्रॅक्टरमध्ये भरून न्या.