खुलासा : शाळेचा पोषण आहार पाहण्याचा पालकांना हक्क आहे

‘शाळेतला पोषण आहार हे सरकारी काम, पालकांनी त्यात लक्ष घालू नये,’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. (आमच्याकडे आयांचा आवाज त्यामुळेच ऐकू येऊ लागला.) अनुदान कुठे खर्च झाले यावर देखरेख ठेवणे हे समितीचेच काम. माध्यान्ह भोजनाच्या 2015 च्या नियमांनी जेवणाचा दर्जा आणि स्वच्छता पाहण्याची जबाबदारीही तिच्यावर टाकली आहे. खिचडीत खडे निघाले तर विचारा. पुढच्या बैठकीला जरूर या.