‘विश्वास ठेवा आणि काहीही करा’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मराठी संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा आशय असा: ख्रिस्ती धर्मात विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, पक्के होते, त्यामुळे चांगल्या वागण्याला तेथे किंमत नाही, आठवडाभर काहीही करावे आणि रविवारी क्षमा मागावी, पौल आणि याकोब या बायबलच्याच दोन लेखकांचे या बाबतीत एकमेकांशी पटत नाही, प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने तर याकोबाचे पत्र गैरसोयीचे म्हणून काढूनच टाकले, कॅथलिक लोक उलट पैसे मोजून स्वर्ग विकत घेतात, आणि ख्रिस्ती शाळा-दवाखाने हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. शेवटी ‘तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारून पाहा’ असे आवाहन आहे. तो शेजारी मीच असल्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

पहिला आरोप मुळीच नवा नाही. इसवी सन 57 च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःच सांगतो की, चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे असे आम्ही शिकवतो, अशी आमची निंदा काही जण करतात. म्हणजे आजचा संदेश पौलाच्या हयातीतच फिरत होता, आणि त्याचे उत्तरही त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न तो उभा करतो आणि ‘कधीच नाही’ म्हणून फेटाळतो. संदेशात इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा हवाला आहे. तारण कृपेने व विश्वासाद्वारे मिळते, ते कर्मांचे फळ नाही, कोणी बढाई मारू नये, हे आठव्या व नवव्या वचनांत खरोखरच आहे. परंतु लगेचच्या दहाव्या वचनात, देवाने आधीच नेमून ठेवलेली सत्कृत्ये करण्यासाठी आपण घडवले गेलो आहोत, असे म्हटले आहे. संदेश लिहिणाऱ्याने नवव्या वचनावर हात आखडता का घेतला, हे त्यालाच ठाऊक. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की काही प्रवचनेही नवव्या वचनावरच थांबतात, आणि हा गैरसमज पसरण्यात त्यांचाही वाटा आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिक बॉनहॉफर याने 1937 साली अशा शिकवणीला ‘स्वस्त कृपा’ म्हटले होते. पश्चात्तापावाचून क्षमा आणि अनुसरणावाचून कृपा, हा त्याचा आक्षेप आपल्याच चर्चवर होता.

पौल आणि याकोब यांच्यातील विसंगतीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरतो. याकोब म्हणतो की तो केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो. आणि दोघेही दाखला देतात तो यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा. वाक्ये शेजारी ठेवली तर विरोध डोळ्यांत भरतो. पण दोघे कोणाशी बोलत आहेत ते पाहिले पाहिजे. पौलापुढचा प्रश्न असा होता की, यहुदी नसलेल्या माणसाने देवाच्या लोकांत येण्यासाठी आधी सुंता करून घेतली पाहिजे काय. म्हणून तो उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, ती झाली त्याच्या वयाच्या 99 व्या वर्षी, म्हणजे बऱ्याच काळानंतर. याकोबापुढे बसलेला माणूस निराळा आहे. तो सभेत सोन्याची अंगठी घातलेल्या श्रीमंताला मानाची जागा देतो, गरिबाला पायाशी बसवतो, आणि अन्नवस्त्र नसलेल्या भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ एवढेच म्हणून वाटेला लावतो. वर ‘माझा विश्वास आहे’ असेही सांगतो. त्याला याकोब ऐकवतो की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. मग तो उत्पत्तीचा बाविसावा अध्याय काढतो, जेथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी म्हणून वेदीवर ठेवण्यास तयार होतो, आणि म्हणतो की पंधराव्या अध्यायातले वचन येथे पूर्ण झाले. एकाच आयुष्यातील दोन प्रसंग आहेत: एक त्या नात्याच्या आरंभाचा, दुसरा कसोटीचा. याकोब ज्या विश्वासाला मृत म्हणतो, तो केवळ तोंडी विश्वास पौलालाही मान्य नाही. ज्याला किंमत आहे तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, असे गलतीकरांस लिहिताना तो स्पष्ट म्हणतो. दोघांच्या शब्दयोजनेतील ताण यामुळे पूर्ण नाहीसा होतो असे माझे म्हणणे नाही, आणि अभ्यासक त्यावर आजही वाद घालतात. परंतु ‘कसेही वागा’ हा निष्कर्ष दोघांपैकी कोणाच्याही पत्रातून निघत नाही.

ल्यूथरने याकोबाचे पत्र काढून टाकले, हे सरळ चुकीचे आहे. 1522 च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्या पत्राला ‘गवती’, म्हणजे हलक्या मोलाचे, पत्र म्हटले, आणि इतर तीन पुस्तकांबरोबर ते शेवटी ढकलले, हे खरे. पण ते त्याने भाषांतरित केले, छापले, आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते आजतागायत आहे. त्याच ग्रंथातील रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत व सतत कामात असलेली गोष्ट आहे, आणि आगीपासून उष्णता व प्रकाश वेगळे करता येत नाहीत तशी विश्वासापासून सत्कृत्ये वेगळी करता येत नाहीत. (ल्यूथरची जीभ तिखट होती, त्याची तिखट वाक्ये फिरतात, बाकीची फिरत नाहीत.)

आता कॅथलिकांवरील आरोप. सोळाव्या शतकाच्या आरंभी शिक्षामाफीच्या पत्रांचा, म्हणजे पापाबद्दलची शिक्षा माफ झाल्याच्या चर्चच्या दाखल्यांचा, बाजार मांडला गेला होता आणि योहान टेट्झेलसारखे लोक त्यासाठी गावोगाव फिरत होते, हा इतिहास नाकारण्याचे कारण नाही. ल्यूथरच्या 1517 च्या 95 सिद्धान्तांना निमित्त तेच होते, आणि त्यांतील 43 वा सिद्धान्त सांगतो की अशी पत्रे विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा अधिक चांगले करतो. मात्र कॅथलिक चर्चची शिकवण म्हणून तो बाजार पुढे करता येत नाही. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने 1547 साली नीतिमान ठरण्याविषयी जो ठराव केला, त्याचा पहिलाच नियम, ख्रिस्ताच्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कर्मांनी देवासमोर नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणाऱ्याचा निषेध करतो. 1567 साली पोप पाचवे पायस यांनी पैशांच्या व्यवहाराशी जोडलेल्या शिक्षामाफ्या रद्द केल्या. त्या मध्ययुगीन चर्चमध्येही फक्त व्यवहारच चालत होता असे मानणाऱ्या ठाणेकराने आपल्याच शहराची एक नोंद पाहावी: 1321 साली, म्हणजे ल्यूथरच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, दारिद्र्याचे व्रत घेणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाचे चौघे जण येथेच, ठाण्यात, आपल्या विश्वासापायी मारले गेले. त्यांत टोलेंटिनोचा थॉमस होता.

प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक आजही याच मुद्द्यावर आमनेसामने उभे आहेत, असे संदेश गृहीत धरतो. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या पात्रतेमुळे नव्हे तर कृपेनेच, आणि तोच आत्मा देऊन आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असा त्याचा गाभा आहे. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनाही त्यात सामील झाल्या. सर्व लुथरन मंडळ्यांना ते मान्य झाले नाही, आणि पुण्याईच्या कल्पनेबद्दलचे मतभेद शिल्लक आहेत. वाशी-नेरूळच्या पट्ट्यात केरळच्या सिरियन परंपरेच्या मंडळ्या, नगरकडून आलेली मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे आणि गोव्याकडचे कॅथलिक शेजारी शेजारी राहतात. त्यांना हा प्रश्न विचारला तर शब्द वेगवेगळे ऐकू येतील, पण ‘सत्कृत्ये ऐच्छिक आहेत’ असे त्यांपैकी एकाही परंपरेची शिकवण सांगत नाही.

रविवारच्या क्षमेविषयी थोडक्यात. कॅथलिक पापनिवेदनात पश्चात्ताप आणि ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, आणि चोरलेले परत करणे, बदनामी केली असल्यास ती भरून काढणे, हेही त्यात येते. सोमवारी तेच करण्याच्या बेताने मागितलेली क्षमा चर्चच्या दृष्टीने क्षमाच नव्हे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर दिलेल्या चोराचे उदाहरण संदेशात आहे, की त्याने काहीच केले नाही आणि तरी त्याला सुखलोक मिळाला. लूकच्या तेविसाव्या अध्यायात तो आपली शिक्षा न्याय्य असल्याचे कबूल करतो, निंदा करणाऱ्या सोबत्याला दटावतो, आणि एका निरपराध माणसाच्या बाजूने बोलतो. हातपाय जखडलेल्या माणसाला याहून अधिक काय करता आले असते? ज्याचे हातपाय मोकळे होते त्याची कथा त्याच शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. जक्कय हा लोकांना नागवणारा मुख्य जकातदार. त्याने काहीही चांगले करण्याआधीच येशू ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे त्याला सांगतो. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो, आणि मग येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. पाहुणचार त्याने परतफेड करून मिळवला नाही; पण परतफेडीवाचून ती कथा पूर्णही होत नाही.

राहिला शाळा-दवाखान्यांचा मुद्दा. कर्मांना किंमतच नसेल तर ती स्वर्ग विकत घेण्यासाठी कशी केली जातात, हा प्रश्न संदेशाला पडलेला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगात होतो, आणि तुम्ही माझी काळजी घेतली. त्यांना ते आठवतच नाही. ‘प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ असे ते विचारतात. त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता. एखादी ख्रिस्ती संस्था जर मदतीच्या बदल्यात काही मागत असेल, मग ते धर्मांतर असो, नावलौकिक असो की स्वर्ग असो, तर तिच्यावर टीका जरूर करावी. त्यासाठी या अध्यायाइतका पक्का आधार दुसरा नाही, आणि तो ख्रिस्ती धर्मग्रंथातलाच आहे.