२०२४चे माझे पंक आणि गॅरेज रॉक अल्बम

यंदा आवडलेल्या पंक आणि गॅरेज रॉक (मोजक्या वाद्यांवर, जोरात आणि खडबडीत वाजवलेलं रॉक) अल्बमबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, लिहिते. आधीच सांगून टाकते, फॉन्टेन्स डी.सी.चा 'रोमान्स' यात नाही. चांगला आहे, मीही भरपूर ऐकला, पण तो पंक नाही आणि बँडलाही तो पंक म्हणून खपवायचा असेल असं वाटत नाही. ग्रीन डेचा 'सेव्हिअर्स'ही नाही. जानेवारीत आला, फेब्रुवारीत मी विसरले. ज्यांना यावरून भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं, फक्त पोस्ट शेवटपर्यंत वाचून.

माझी कसोटी एकच. वाजवणारी माणसं एका खोलीत उभी आहेत हे ऐकू आलं पाहिजे. ड्रमवर काठी पडली की आवाज भिंतीला जाऊन परत येतो. तो परतीचा आवाज रेकॉर्डमध्ये ठेवलाय की पुसून टाकलाय? गाणारीचा दम लागलेला ऐकू येतो का? हल्ली पुष्कळसं रॉक असं बनतं की ड्रम एका शहरात, गिटार दुसऱ्या शहरात, गाणं कुणाच्या तरी बेडरूममध्ये, आणि मग कॉम्प्युटरवर एकेक ठोका उचलून ओळीत बसवायचा. सगळं वेळेत, सगळं सुरात, आणि ऐकताना वाटतं की त्या दिवशी कुणी हजरच नव्हतं.

ही खोड कुठून लागली ते मला पक्कं माहीत आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. लहानपणी भिंतीला भिंत लागून टॉवेलचे माग होते, पत्र्याच्या शेडमध्ये. एकच माग चालू असला की धोटा इकडून तिकडे गेल्याचे ठोके वेगवेगळे मोजता यायचे. दुसरा चालू झाला की दोघांचा ताल जुळायचा, हळूहळू सुटायचा, परत जुळायचा. सगळे लागले की नुसता गडगडाट. पण त्या गडगडाटातही शेडचं दार उघडं आहे की लावलंय हे आम्हाला अंथरुणात पडून कळायचं. पुण्याच्या पाहुण्यांना रात्रभर झोप नसायची. आम्हाला जाग यायची ती बीम (मागावरचा सुताचा रूळ) संपून एखादा माग मध्येच थांबला की. पुढे कॉलेजात एका मित्राने पेन ड्राइव्हवरून गॅरेज रॉक ऐकवलं तेव्हा बाकीच्यांनी 'बंद कर की बे' म्हणून ओरडायला सुरुवात केली आणि मी मात्र विचारत बसले, हे कुठल्या खोलीत वाजवलंय?

तर पहिला नंबर शेलॅक या तिघांच्या बँडच्या 'टू ऑल ट्रेन्स'चा. यावर चर्चा नाही.

७ मेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी, बोटावरची शाई तशीच असताना, फोनवर बातमी दिसली की शेलॅकचा गिटारवाला आणि गायक स्टीव्ह अल्बिनी गेला. शिकागोत, हृदयविकाराचा झटका, वय ६१. अल्बमची तारीख आधीच जाहीर झालेली होती, १७ मे. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी अल्बम आला, म्हणजे माणूस गेल्यावर १० दिवसांनी. १० गाणी, २८ मिनिटं. आधीचा 'ड्यूड इन्क्रेडिबल' २०१४चा. मधल्या काळात तिघेही आपापल्या कामाला लागलेले, जमेल तेव्हा लांबलेला वीकेंड काढून थोडं थोडं रेकॉर्ड करायचे. बँड म्हणजे पोटापाण्याचं साधन नाही हे त्यांनी १९९२पासून धरून ठेवलेलं तत्त्व.

ज्यांना अल्बिनी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निर्वाणाचा १९९३चा 'इन युटेरो' त्यानेच रेकॉर्ड केला. स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं नाही. मी रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर, एवढंच. निर्वाणाला काम सुरू होण्याआधी त्याने पत्र लिहून कळवलं होतं की मला रॉयल्टी नको, प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या. एवढ्या मोठ्या बँडच्या अल्बमवर आयुष्यभर टक्केवारी खाता आली असती. खाल्ली नाही. तरुणपणी त्याने लिहिण्या-बोलण्यात, बँडला नावं देण्यात जे काही केलं ते घाणेरडंही होतं. त्यातल्या एका बँडचं नाव मी इथे लिहिणारसुद्धा नाही. पण २०२१मध्ये त्याने स्वतःहून जाहीरपणे ते सगळं कबूल केलं, सबबी न सांगता. आपल्याकडच्या किती थोर कलावंतांकडून एवढी अपेक्षा करता येईल, तुम्हीच बघा.

आता ऐकायचं काय? टॉड ट्रेनरचे ड्रम ऐका. तो जितकं वाजवतो तितकंच थांबतो. त्या थांबण्यात स्टुडिओची खोली ऐकू येते, किती मोठी आहे, भिंती कडक आहेत की मऊ. बॉब वेस्टनचा बास जाड, घोगरा. आणि अल्बिनीची गिटार, जिची मान अल्युमिनियमची आणि जिचा पट्टा खांद्यावरून न घेता तो कमरेला बांधायचा, ती तार ताणून सोडल्यासारखी झणझणते. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या आवाजावर चढत नाही. शेवटच्या गाण्याचं नाव 'आय डोन्ट फिअर हेल'. ते त्याने मरणाची चाहूल लागून लिहिलं वगैरे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. रेकॉर्डिंग २०२२पर्यंतच आटोपलेलं होतं. तो चावट माणूस होता आणि हे चावट गाणं आहे.

दुसऱ्या नंबरवर द जीझस लिझर्डचा 'रॅक'. सप्टेंबरमध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर २६ वर्षांनी. त्यांचे पहिले चार अल्बम अल्बिनीनेच रेकॉर्ड केलेले, म्हणून यंदा हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकण्यात वेगळीच गंमत आहे. 'रॅक'मध्ये तो नाही, पण चारही जुनी माणसं आहेत. अल्बम आला तेव्हा डेव्हिड याऊ ६४चा होता आणि अजून असा गातो की शेजारी विचारतात, घरात काही झालंय का? रियुनियन अल्बम बहुतेक वेळा जुन्या पुण्याईवर उरकलेले असतात. हा नाही.

आता जॅक व्हाइट. १९ जुलैला नॅशव्हिल, डेट्रॉइट आणि लंडन इथल्या त्याच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सच्या दुकानांत काहीतरी खरेदी केलेल्या लोकांच्या पिशवीत एक जादा एलपी टाकली गेली. पांढरं कोरं कव्हर. गायकाचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत. आमच्या नव्या पेठेत कुणी असं केलं तर गिऱ्हाईक परत येऊन विचारेल, याचे पैसे बिलात लावलेत का? घरी जाऊन वाजवल्यावर लोकांना कळलं की हा जॅक व्हाइटचा आख्खा नवा अल्बम आहे. आणि कंपनीनेच सांगितलं की कॉपी करा, वाटा. २ ऑगस्टला 'नो नेम' म्हणून तो रीतसर बाजारात आला, पण मधले दोन आठवडे जगभर फुकट फिरला. माझ्याकडे तो पहिल्या चार दिवसांतच पोचला, एलपी चालू असतानाची ती बारीक चरचर घेऊन. मला अजून तीच कॉपी जास्त आवडते.

याला कुणी मार्केटिंगची चलाखी म्हणेल, तर थोडी आहेही. पण या माणसाचं हे जुनंच आहे. संगीतात नाव होण्याआधी जॅक व्हाइट डेट्रॉइटमध्ये सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं काम करायचा. थर्ड मॅन हे नाव त्याच धंद्याचं. २००४मध्ये त्याने आणि त्याच्या जुन्या उस्तादाने १०० छोट्या रेकॉर्डी करून दुरुस्तीला आलेल्या फर्निचरच्या आत, कापडाखाली शिवून टाकल्या. त्यातल्या दोन सापडल्याची बातमी आली ती थेट १० वर्षांनी. बाकीच्यांवर लोक अजून आरामात बसत असतील. असा माणूस पिशवीत रेकॉर्ड टाकतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. आणि अल्बम खणखणीत आहे हो! मधल्या दोन-तीन अल्बममध्ये त्याने जे प्रयोग केले ते मला झेपले नव्हते. इथे गिटार, बास, ड्रम, थोडा ऑर्गन, आणि व्हाइट स्ट्राइप्स या त्याच्या जुन्या बँडच्या दिवसांतला तो चिरका आवाज. २०२५च्या ग्रॅमीच्या बेस्ट रॉक अल्बमच्या नामांकन यादीतही नाव आलं.

अ‍ॅमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस' ऑक्टोबरमध्ये आला. मेलबर्नचा बँड. यांनी पहिली ईपी (म्हणजे छोटा अल्बम) 'गिडी अप' लिहिण्यापासून प्रसिद्ध करण्यापर्यंत १२ तासांत उरकली होती, घरातल्या घरात. आता तिसरा अल्बम लॉस एंजेलिसला, फू फायटर्सच्या स्टुडिओत, निक लॉनेसारखा प्रोड्युसर घेऊन. मला धास्ती होती की पैसा आला, खोली गेली. तसं झालं नाही. ड्रम मोठे आहेत पण माणसानेच वाजवलेले आहेत आणि एमी टेलर माइक खाऊन टाकेल इतक्या जवळून गाते. पहिलंच गाणं असं आहे की स्पीकरवर लावायची सोय नाही. बरं, आमच्या आईला इंग्रजी शिव्या कळत नाहीत. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "कुणावर एवढी चिडलीय गं ही?" म्हटलं, सगळ्यांवर. "बरं करते," म्हणाली.

लिंडा लिंडाज या लॉस एंजेलिसच्या चार मुली. २०२१मध्ये एका सार्वजनिक वाचनालयात वर्णद्वेषी, बायकांना कमी लेखणाऱ्या पोरांवरचं गाणं म्हणतानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा ड्रमवरची मिला १० वर्षांची होती. यंदाचा 'नो ऑब्लिगेशन' हा त्यांचा दुसरा अल्बम. एक गाणं स्पॅनिशमध्ये आहे आणि त्यात अकॉर्डियन वाजवलाय चक्क विडंबन गाण्यांच्या वीअर्ड अल यँकोविकने. नववीतल्या भाचीला ऐकवलं तर तिचा पहिला प्रश्न, "मावशी, यांचे आईवडील काही बोलत नाहीत का?" अगं, त्यातल्या दोघींच्या बापानेच तर रेकॉर्ड केलंय! यावर ती बराच वेळ विचारात पडली. तिला हवेत ते ड्रम कुठे ठेवायचे हा प्रश्न आता ताईच्या घरी सुरू झालाय आणि त्याचं खापर माझ्यावर फुटणार आहे.

एमसी५च्या 'हेवी लिफ्टिंग'बद्दल लिहायला जीभ जड होते. डेट्रॉइटचा हा बँड नसता तर वरचे निम्मे बँड नसते. त्यांचा पहिला अल्बम १९६८मध्ये ग्रँडी बॉलरूममध्ये दोन रात्री लोकांसमोर रेकॉर्ड झाला आणि ऐकणाऱ्याला आजही त्या हॉलमधला घाम लागतो. त्यानंतर १९७१मध्ये शेवटचा अल्बम, आणि आता ५३ वर्षांनी हा. गिटारवाला वेन क्रेमर फेब्रुवारीत गेला, ड्रमर डेनिस थॉम्पसन मे महिन्यात गेला, आणि अल्बम ऑक्टोबरमध्ये आला. क्रेमर स्वतः तुरुंगात राहून आलेला, पुढे कैद्यांना गिटारी पुरवण्याचं काम करायचा. माणूस म्हणून नमस्कार करावा असा. पण अल्बम? स्लॅश आहे, टॉम मोरेलो आहे, आणखी बरेच पाहुणे आहेत. थॉम्पसन दोनच गाण्यांत आहे. सगळं घासूनपुसून लख्ख. मी तो मन लावून ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मग १९६८वाला लावला.

राहिलेले पटकन. फिलाडेल्फियाच्या शिअर मॅगचा 'प्लेइंग फेव्हरिट्स', टीना हॅलडेच्या आवाजासाठी. सकाळी स्कूटीवर होटगी रोडला जाताना याच्यासारखं दुसरं काही नाही. ओसीजचा 'सॉर्क्स ८०' या यादीतला अपवाद. गिटार एकही नाही, सगळा भार सॅम्प्लर (आधी रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) आणि सॅक्सोफोनवर. माझ्या कसोटीवर हा पहिल्या फेरीतच बाद व्हायला हवा होता, पण मागे ड्रम वाजवणारे दोघे जण आहेत, दोन मागांसारखे, त्यामुळे माझा निकाल आधीच ठरलेला. मॅनेकिन पुसीचा 'आय गॉट हेवन' सगळ्यांच्या यादीत आहे, माझ्या कौतुकाची त्याला गरज नाही.

पुढचं म्हणजे १० जानेवारी २०२५. ब्रायटनच्या लँब्रिनी गर्ल्सचा पहिला अल्बम येतोय आणि आधी सुटलेली गाणी ऐकून माझ्या फार अपेक्षा आहेत. नेमकं त्याच आठवड्यात गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. गावाकडचे पाहुणे उतरणार, दोन्ही खोल्या भरणार, स्पीकर माळ्यावर जाणार. हेडफोनची डावी बाजू गेल्या महिन्यापासून बंद आहे, ती त्याआधी दुरुस्त करून घेते. कुणाला चांगला कारागीर माहीत असेल तर सांगा.