बायबलमधल्या विसंगती घरच्या घरी कशा मिटवाल?

बायबल वाचताना दोन वचनं एकमेकांशी भांडताना दिसली तर घाबरू नका. मुळात चूक तुमचीच, त्यातली दोन पुस्तकं लागोपाठ वाचायला सांगितली कोणी? शहाणी माणसं नाताळात मत्तयाचा पहिला अध्याय ऐकतात, प्रेषितांची कृत्ये उघडतच नाहीत आणि रात्री शांत झोपतात.

आता वाचलंच आहे तर येशूला पैसे घेऊन पकडून देणाऱ्या शिष्यापासून, यहूदा इस्कार्योतपासून सुरुवात करा. मत्तय 27 मध्ये त्याला पस्तावा होतो, तो चांदीची 30 नाणी मंदिरात टाकतो, जाऊन गळफास घेतो आणि मग त्या पैशांतून मुख्य याजक कुंभाराचं शेत विकत घेतात. प्रेषितांची कृत्ये 1 मध्ये शेत यहूदानेच घेतलेलं असतं, तो तोंडघशी पडतो, पोट फुटतं, आतडी बाहेर. तुम्ही म्हणायचं, दोन्ही खरं! फास घेतला, मग दोर तुटला, मग तो पडला, मग पोट फुटलं. आता दोर तुटल्याचं मत्तय बोलत नाही आणि कृत्यांमध्ये दोरच नाही, पण दोघांना न सुचलेली गोष्ट तुम्हाला सुचली हे काय कमी आहे? आणि शेत? पैसे त्याचे म्हणजे शेत त्याचं, सातबारा बघायला कोण जातंय.

ही आयडिया जमली की येशूच्या दुसऱ्या शिष्याकडे, पेत्राकडे वळा. कोंबडा आरवायच्या आधी तू मला तीनदा नाकारशील असं येशू त्याला सांगतो. येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं; त्यातल्या मार्कात कोंबडा दोनदा आरवतो, बाकीच्या तिघांत (मत्तय, लूक, योहान) एकदाच, आणि पेत्राला हटकणारी माणसं पण प्रत्येकाकडे जरा वेगळी. 1976 मध्ये हॅरॉल्ड लिंडसेल नावाच्या अमेरिकन लेखकाने हे सगळं नीट जुळवून दाखवलं: पेत्राने सहा वेळा नाकारलं, तीनदा पहिल्या आरवण्याआधी, तीनदा दुसऱ्या. चारही शुभवर्तमानं तीनच म्हणतात बरं का. म्हणजे चौघांपैकी एकही खोटा पडू नये म्हणून चौघांनाही खोटं पाडलं, याला म्हणतात श्रद्धा!

आकड्यांचं मात्र जड जातं. यहूदाच्या राज्याचा राजा अहज्या गादीवर बसला तेव्हा 2 राजे 8:26 प्रमाणे 22 वर्षांचा, आणि 2 इतिहास 22:2 च्या हिब्रू पाठात 42. त्याचा बाप यहोराम 32 व्या वर्षी राजा झाला, 8 वर्षं राज्य केलं आणि गेला. करा हिशोब. पोरगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! इथे दोर तोडून काही उपयोग नाही, सरळ सांगायचं की नक्कल करणाऱ्याचा हात चुकला. कारण खरंही असेल, पण जपून वापरा, कारण लगेच कोणीतरी विचारतं की मग अजून कुठे कुठे चुकला. बऱ्याच नव्या भाषांतरांत सरळ 22 छापून खाली बारीक तळटीप दिलेली असते, तिच्यावर अंगठा ठेवून वाचा.

राजा दावीदाने केलेल्या आणि पाप ठरलेल्या शिरगणतीला तर हात लावायचीही गरज नाही. 2 शमुवेल 24 मध्ये त्याला ती करायला देव लावतो, 1 इतिहास 21 मध्ये सैतान. ‘इतिहास’ हे पुस्तक लिहिणारा नंतरचा, त्यालाही ते खटकलं असणार, त्याने तुमच्या कितीतरी शतकं आधी हे काम उरकून टाकलंय. पुढे दावीद वेदीसाठी एक खळं विकत घेतो, तिथे 50 शेकेल (जुनं वजन) चांदीचे 600 शेकेल सोनं झालेत, तर आजूबाजूचा प्लॉट पण घेतला म्हणा.

आणि तुम्ही पलीकडच्या पार्टीतले असाल, विसंगतींची यादी खिशात घालून फिरणारे, तर हे सगळं जगात पहिल्यांदा आपल्यालाच दिसलं अशा थाटात बोला. टेशियन या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाचा विषय काढू नका. त्याने 170 च्या सुमारास चारही शुभवर्तमानं कापून-जोडून एकच सलग पुस्तक केलं होतं, सिरियातल्या चर्चमध्ये ते बराच काळ चाललंही, आणि पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने त्याच्या 200 च्या वर प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली. म्हणजे गुळगुळीत केलेलं पुस्तक हातात असताना लोकांनी चार भांडखोरच ठेवून घेतले, हे सांगितलंत तर तुमच्या यादीची मजाच गेली.

एवढं करूनही कोणी वाद घालायला आलंच तर नीतिसूत्रे 26 उघडा. चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. मधे एक ओळसुद्धा नाही! चौथं दाखवून गप्प बसा, आणि समोरचा जिंकल्यासारखा हसायला लागला की पाचवं काढा.