गव्हाचा राजा आणि आमचा कांदा

"कांदा चढला की तुमचे शेतकरी माजतात," असं पुण्याच्या मावसभावानं परवा फोनवर सुनावलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आमचं घर निफाड तालुक्यातलं. मी राहतो अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, पण हे ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नाही.

त्याला मी एक मूकपट पाहायला सांगितला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'अ कॉर्नर इन व्हीट', साल १९०९, जेमतेम पंधरा मिनिटांचा. एक सटोडिया बाजारातला सगळा गहू मुठीत घेतो. तिकडे त्याची मेजवानी झडते आणि इकडे दुकानात पाटी लागते: पीठ महागलं, पाच सेंटांचा पाव आता दहाला. रांगेतली गरीब माणसं पुतळ्यासारखी थिजलेली दिसतात. आणि गहू पिकवणारा? तो बाजारातून रिकाम्या हातानं घरी येतो. भाव दुप्पट झाला, त्यातलं त्याच्या पदरात काहीच पडलं नाही. माजला तो कोण, हे बघ म्हटलं.

शिकागोत १९५५ साली दोघा व्यापाऱ्यांनी कांदा असाच कोंडला आणि मग बाजारात ओतला. मार्च १९५६ मध्ये पन्नास पौंडांची गोणी दहा सेंटांवर आली. रिकामी गोणी त्याहून महाग होती! शेतकरी ओरडले, आणि १९५८ साली कायद्यानं कांद्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाले. आजही बंद आहेत. इथे सट्ट्यावर बंदी आली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातीवर आली, म्हणजे पिकवणाऱ्याच्याच मानेवर. हा फरक मला दिसतो, पुण्यात बसून त्याला दिसत नाही.

"एवढा कळवळा आहे तर ये परत आणि कर शेती," तो म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉस्टकोच्या दुकानात कांद्याची पिशवी गाडीत टाकताना मी भावाकडे बघतही नाही. साठवणीच्या कांदाचाळीत कांदा सडल्याचा वास नाकात अजून आहे, पण कांदा चढल्याचं मला मावसभावाकडूनच कळतं.

त्या मूकपटात सटोडिया शेवटी स्वतःच्याच कोठारात गव्हाखाली गाडला जातो. लोकांच्या लक्षात तेच राहतं. मला त्यानंतरचं दृश्य सोडत नाही. सुरुवातीला रानात दोघं पेरत असतात, एक म्हातारा आणि एक तरणा. शेवटी तरणा एकटाच पेरत येतो.

आमच्या रानात म्हातारा उरला. यंदाही नानांनी कांद्याचं उळं एकट्यानंच टाकलं.